उलट्या दिशेने शिकताना

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. वादी आमचे जावईबापू, प्रतिवादी त्यांची कन्या, म्हणजे माझी नात. पंच म्हणून मला मध्ये घेतले होते, पण पंच आता एका बाजूला झुकला आहे हे आधीच कबूल करून टाकतो. जावईबापू मी लिहिलेले इथे येऊन वाचतात. समोरासमोर बोलताना ते मान राखून गप्प बसतात आणि मी मास्तर असल्यामुळे बोलतच सुटतो. त्यापेक्षा लिहिलेले बरे.

नात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर सायन्स. तिने सुट्टीत जाहीर केले की तिला 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' शिकायचे आहे. जावईबापू बँकेत आहेत. रोज कोणा ना कोणाचे पैसे ऑनलाइन गेल्याच्या तक्रारी ऐकतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आबा, तिला तुम्हीच समजवा. हे सगळे हॅकिंगचे धंदे. उद्या पोलीस दारात येतील."

मी तिला विचारले, "म्हणजे नक्की काय गं करतेस?"

ती म्हणाली, "आबा, प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते तो लिहिणाऱ्याला न विचारता, प्रोग्रॅमकडे बघून शोधून काढायचं."

माझी आई लग्नाच्या पंगतीत पुरणपोळीचा पहिला घास घेतला की सांगायची, गूळ जुना आहे, जायफळ आहे पण वेलदोडा नाही, डाळ जरा कमी शिजली होती. आचाऱ्याला विचारायला ती कधी मुदपाकखान्यात गेली नाही. घरी येऊन तशीच पोळी करून बघायची, दोनदा चुकायची, तिसऱ्यांदा जमायची. मला वाटले, हेच की ते!

नातीने दुरुस्ती केली. प्रोग्रॅम माणसाला कळेल अशा भाषेत लिहितात. मग कंपायलर नावाचा अनुवादक त्याचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करतो. या अनुवादात लिहिणाऱ्याने दिलेली बरीचशी नावे जातात, समासात लिहिलेल्या टीपा जातात, परिच्छेद जातात. उरतात नुसत्या सूचना. ही संख्या उचल, त्या संख्येशी ताडून बघ, लहान असेल तर अमुक ठिकाणी उडी मार. या उरलेल्यावरून मूळ विचार काय असेल ते उभे करायचे. जुनी मोडी कागदपत्रे वाचणाऱ्याला हे नवीन नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, तरी माणसे वाचतातच.

तर आता माझ्या पक्षपाताचे कारण. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या मी ती असताना एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. १९९९ साली एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या. पुस्तिका काढायची होती, ती राहिलीच. वही वाळवीने खाल्ली. डीटीपीचे दुकान कधीच बंद झाले. राहिली फक्त एक फाइल, आधी फ्लॉपीवर, मग सीडीवर, मग मुलाच्या कॉम्प्युटरवर. आणि ती उघडली की दिसायची इंग्रजी अक्षरे, अर्धविराम, कंस आणि चित्रविचित्र खुणा. आईचा आवाज समोर होता आणि मला वाचता येत नव्हता. मी तो नाद सोडून दिला होता.

नात म्हणाली, "आबा, शिकायचंच आहे तर हे घेऊ. तुमचं काम होईल आणि माझा अभ्यास."

हा पहिला धडा मला फार पटला. या विषयात शिरणारी मुले म्हणे आधी साधनांच्या मागे लागतात. कोणते सॉफ्टवेअर चांगले, कोणता कोर्स घ्यावा, यातच महिना जातो. साधनांची आता वाणही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतःसाठी तयार केलेले 'घिद्रा' हे साधन २०१९ साली सर्वांना मोफत खुले केले, त्याचा मूळ मजकूरही पुढे दिला. पण चाळीस कप्प्यांचा कंपास घेतला म्हणून भूमिती येत नाही. उत्तर हवेसे वाटेल असा एक प्रश्न आधी लागतो.

दुसरा धडा, फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची माळ. तिने हेक्स एडिटर नावाच्या खिडकीत मला आधी एक नवी फाइल दाखवली. तीत फक्त एकच शब्द होता, मराठी. पाच खुणा, म, र, काना, ठ, वेलांटी. पण आत आकडे निघाले पंधरा! तिथे ते सोळाच्या पद्धतीत असतात, मी आपल्या दशमान पद्धतीत सांगतो. म म्हणजे २२४, १६४, १७४. र म्हणजे २२४, १६४, १७६. काना २२४, १६४, १९०. ठ म्हणजे २२४, १६४, १६०. आणि वेलांटी २२४, १६५, १२८. हल्लीच्या युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ या पद्धतीने, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन आकडे लागतात आणि सुरुवात बहुधा २२४, १६४ अशीच होते. तेव्हा नुसत्या आकड्यांत हे दोघे पुन्हा पुन्हा दिसले की ओळखावे, इथे आपली लिपी आहे.

आईच्या फाइलमध्ये २२४ औषधालाही नव्हते. कारण त्या काळच्या फाँटची युक्ती वेगळी होती. इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली. कॉम्प्युटरला वाटे आपण इंग्रजी छापतो आहोत, कागदावर उमटे मराठी. फाँट गेला की बुरखा गेला.

नेटवर असे मजकूर बदलून देणारे तयार कन्व्हर्टर असतात हे नातीला ठाऊक होते. तरी ती म्हणाली, "ते शेवटी. आधी हाताने." गाईड मागच्या कपाटात ठेवून गणित सोडवणारी विद्यार्थिनी मला नोकरीत फार कमी भेटली, घरात भेटली.

सुरुवात कुठून करायची? इथे मला माझा इतिहासाचा तास आठवला. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी. सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे बघताना त्याच्या लक्षात आले की बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी कोरलेले लेख, शेवट सारखा. मग ते दान दिल्याचे लेख असणार आणि ती अक्षरे 'दानं' असणार, असा त्याने तर्क केला. त्यातून १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली. म्हणजे काय, की मजकुरात काय असायला हवे हे ज्याला माहीत आहे, त्याला दार लवकर सापडते.

मला शीर्षक माहीत होते, 'आईच्या ओव्या'. आणि फाइलची पहिली ओळ होती व्ही, के, बी, झेड, पी, अर्धविराम, के. मग जागा सोडून व्ही, के, एस, ओ, अर्धविराम, के. (त्यातही काही अक्षरे कॅपिटल, काही स्मॉल, आणि दोन्हींचे अर्थ वेगळे.) के चार वेळा आला आहे. शीर्षकात काने किती? आ-चा एक, च्या-चा एक, व्या-चा एक. तीनच. चौथा कुठला? मी अर्धा तास अडलो. मग कागदावर ओ काढला आणि कपाळावर हात मारला. ओ म्हणजे अ, त्याला काना, वर मात्रा! म्हणून दोन्ही शब्दांची सुरुवात व्ही, के अशी सारखी. पन्नास वर्षे फळ्यावर ओ काढला, पण तो तीन तुकड्यांचा आहे हे कधी मनात आले नव्हते.

ई-चे दोन तुकडे होते, बी आणि झेड. बी म्हणजे इ हे उघड, पण झेड? तो पुढे 'सूर्य' शब्दात र्य-वर सापडला. म्हणजे तो रफार! ई-च्या डोक्यावरचा फलकारा त्या फाँटवाल्याने रफारानेच भागवला होता. तसेच ख, घ, थ, ध, भ, श, ण यांच्या उभ्या दांड्या म्हणजे कानाच. कोणीतरी मर्यादित घरांत आपली सगळी अक्षरे कोंबण्यासाठी केलेली ही काटकसर. चार दिवसांनी मला त्या अनोळखी माणसाची बुद्धी दिसू लागली, आणि हाच या विद्येचा खरा आनंद आहे असे मला वाटते. आपण यंत्राशी बोलत नसतो, यंत्राआडच्या माणसाशी बोलत असतो.

तक्ता तयार झाला तरी काम संपले नाही. त्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, कारण उच्चारात ती नंतर येते. रफाराचे बरोबर उलट. म्हणजे 'विठ्ठल' बदलताना नुसती अक्षरे बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते. नातीने पायथॉन भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ओव्या एकेक करून उठून बसू लागल्या. अठ्ठावीस निघाल्या. त्या संध्याकाळी आम्ही दोघे फारसे बोललो नाही.

असो. जावईबापू म्हणतील, हे ओव्यांचे ठीक, पण प्रोग्रॅमचे काय? तेही बघितले. नातीने सी भाषेत पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. वय विचारायचे आणि अठरा किंवा जास्त असेल तर 'मतदान करता येईल' असे सांगायचे. तो यंत्रभाषेत बदलला आणि म्हणाली, "आबा, यात अठरा शोधा." सोळाच्या पद्धतीत अठरा म्हणजे १२, हे मी शिकलो होतो. सगळीकडे शोधले, १२ नाही. एका ठिकाणी तुलना करण्याच्या सूचनेपुढे ११ होते. ११ म्हणजे सतरा! कंपायलरने 'अठरा किंवा जास्त असेल तर' याचे 'सतरा किंवा कमी असेल तर पुढे उडी मार' असे करून टाकले होते. अर्थ तोच, वाक्य फिरवलेले. आपण वाचतो ते लेखकाचे शब्द नव्हेत, अनुवादकाचे आहेत, ही सावधगिरी मला त्या सतराने शिकवली.

नवशिक्यासाठी म्हणून माझे मत असे झाले आहे. आधी सोळाची पद्धत हाताने शिकावी. मग थोडी सी भाषा. मग स्वतःचाच प्रोग्रॅम लिहून, यंत्रभाषेत बदलून तो उलटा वाचावा, कारण तिथे उत्तर आपल्याकडे असते आणि चूक ताडून बघता येते. कंपायलरला आधी 'सुधारणा करू नकोस' असे सांगून ठेवावे, नाहीतर तो चार ओळींची दीड ओळ करतो. त्यानंतर डीबगर घ्यावा. त्यात प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून मध्येच थांबवता येतो. नुसते वाचणे म्हणजे पत्रिका बघणे आणि डीबगर म्हणजे नाडी बघणे, दोन्ही लागते. मग 'क्रॅकमी' नावाची कोडी सोडवावीत, ती सोडवण्यासाठीच मुद्दाम लिहिलेली असतात. आणि व्हायरसला हात लावायचाच असेल तर फार नंतर, आणि तोही वेगळ्या, बंदिस्त यंत्रात. हे सगळे सावकाश. रोज एक तास, वही-पेन्सिल घेऊन.

आता जावईबापूंच्या भीतीकडे येतो, कारण ती खोटी नाही. पोळीची चव ओळखणे आणि कोठीचे कुलूप काढणे यांत फरक आहे, पण बोटे तीच लागतात. मार्कस हचिन्स या तरुणाचे उदाहरण घ्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने अनेक देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या इस्पितळांचे कामकाज अडले. बावीस-तेवीस वर्षांच्या या मुलाने तो व्हायरस तपासताना पाहिले की तो एका लांबलचक, कोणीच न घेतलेल्या पत्त्यावर संपर्क करू पाहतो आहे. त्याने तो पत्ता स्वतःच्या नावे नोंदवला आणि व्हायरसचा प्रसार थांबला. तो पत्ता म्हणजे थांबवण्याची कळ आहे हे त्यालाही नंतर कळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अमेरिकेत अटक झाली, कारण काही वर्षांपूर्वी त्याने बँकांची माहिती चोरणारा प्रोग्रॅम लिहिण्यात भाग घेतला होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने भोगली तेवढी कैद पुरे मानून वर्षभराच्या देखरेखीवर त्याला सोडले. एकच माणूस, एकच विद्या.

कायदाही हा फरक करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात रीतसर मिळवलेला प्रोग्रॅम वापरताना त्याचे निरीक्षण करून त्यामागची तत्त्वे समजून घेण्याला मोकळीक आहे. स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळावा यासाठी लागणारी माहिती इतरत्र सहज मिळत नसेल, तर ती काढण्यालाही आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-अ कलम हक्क बुडवण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणाऱ्याला शिक्षा सांगते. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणे हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली वेगळाच विषय.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. ओव्यांचे काम चालू असताना नात एका रात्री म्हणाली, "आबा, मी हॉस्टेलला मैत्रिणीसाठी एका सॉफ्टवेअरची तीस दिवसांची मुदत काढून टाकली होती. बाबांना माहीत नाही." मला धक्का बसला. मी विचारले, "मुदत कुठे तपासली जाते हे शोधलंस, ते शिक्षण. पण पुढचं काय होतं?" ती गप्प. मी म्हटले, "ते ज्याने लिहिलं त्याचीही तुझ्याएवढी मुलगी असेल." दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीला ते काढून टाकायला लावले आणि वडिलांना स्वतः सांगितले. त्यांनी तिला बोल लावला, तो योग्यच होता. तिच्या परवानगीनेच हे लिहितो आहे.

पण जावईबापू, मला विचाराल तर या प्रसंगामुळे माझे मत उलट पक्के झाले. तुम्ही मना केले असते तरी तिने हे केलेच असते, फक्त दार लावून. उघड्यावर, मोठ्यांच्या समोर शिकली म्हणून तिला ते सांगता आले. प्रयोगशाळेत ॲसिड असते म्हणून आपण रसायनशास्त्र बंद करत नाही, मास्तर उभा करतो. मास्तराला विषय पुरता यायलाच पाहिजे असेही नाही. मला सतरा शोधायला अर्धा दिवस लागला. पण 'हे कोणाचे आहे आणि त्याला विचारले का' एवढे विचारणारा कोणी शेजारी बसलेला असावा. आणि तुमच्या बँकेवर येणारे नवे व्हायरस उद्या उलगडणार कोण? ज्यांना उलटे वाचता येते तेच ना!

शेवटी एक राहिले. एका ओवीत एक खूण अशी होती की ती सबंध फाइलमध्ये एकदाच आली होती. आधी क, मग ती खूण, मग मात्रा आणि 'च्या काठी'. तयार कन्व्हर्टर शेवटी लावून पाहिला, त्याने ती सरळ गाळली. माझ्या डोक्यात कृष्णा बसलेली, कारण आमचे सगळे आयुष्य कृष्णाकाठी गेले. पण त्या फाँटमध्ये 'कृ' वेगळ्या तऱ्हेने येत होते. नात म्हणाली, "आबा, एकदाच आलेल्या खुणेवर अंदाज करायचा नाही. रिकामी ठेवू." ठेवली.

मग संक्रांतीला मावशीला फोन केला. मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ऐकू कमी येते. मी ओवीचा आधीचा भाग ओरडून सांगितला. पलीकडे जरा शांतता, आणि मग मावशीने पुढचे चालीवर म्हणून टाकले. कऱ्हेच्या काठी! आईचे माहेर सासवडकडचे, कऱ्हेच्या काठचे. आयुष्यभर कृष्णेचे पाणी भरून ती जात्यावर मात्र कऱ्हेलाच आठवत होती, आणि ते मला आज कळले. ती खूण म्हणजे आपला ऱ्ह. हिंदीत त्याची गरज नाही, म्हणून त्या फाँटमध्ये तो नसावा आणि डीटीपीवाल्याने कुठूनतरी जुळवून आणला असावा.

ओव्यांची छापील प्रत या उन्हाळ्यात सगळ्या नातेवाइकांना पाठवतो आहे. जावईबापू, पहिली तुम्हाला. मे महिन्यात नात पुन्हा येणार आहे, लॅपटॉप घेऊन. तुम्हीही दोन दिवस रजा काढून या. तुमच्यासाठी पाच ओळींचा एक प्रोग्रॅम काढून ठेवला आहे, त्यात अठरा शोधायचे आहेत.